लोकरी मावा, औषधाचा पंप आणि डिफाची अळी: बेळगाव सीमाभागातील उसाचे एक प्रकरण

२००२ च्या जुलैमध्ये सांगली जिल्ह्यात उसाच्या पानांखाली पांढरी लोकर दिसली आणि त्याच वर्षी ती बेळगाव जिल्ह्याच्या उत्तर भागातील फडांत येऊन पोचली. पुढच्या दोन हंगामांत उत्तर कर्नाटकातला बहुतेक ऊसपट्टा तिने व्यापला. ही कीड म्हणजे उसावरचा लोकरी मावा. आसाम, नागालँड, बंगालकडे ती आधीपासून होती. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशीच्या काठच्या शेतकऱ्याला मात्र तिचे नावही ठाऊक नव्हते. अनोळखी कीड दिसली की पहिला हात औषधाच्या बाटलीकडे जातो. इथेही तसेच झाले. त्या फवारण्यांनी काय साधले, काय बिघडले आणि शेवटी मावा कोणी आटोक्यात आणला, याची ही मांडणी. ऑगस्ट-सप्टेंबरात फडात पांढरे दिसले की आजही तोच प्रश्न उभा राहतो, म्हणून हे प्रकरण जुने म्हणून सोडून देता येत नाही.

फडात नेमके काय दिसते

मावा पानाच्या खालच्या बाजूला, मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना दाटीने बसतो. लहान पिल्ले पिवळसर-हिरवी असतात आणि त्यांच्या अंगावर लोकर नसते. ती वाढू लागली की पाठीवर मेणाचे पांढरे तंतू येतात आणि पान खालून कापूस चिकटवल्यासारखे दिसते. बोटाने पुसले तर पांढरी भुकटी हाताला लागते. मावा रस शोषतो आणि जास्तीचा गोड चिकटा खाली टाकतो. तो चिकटा खालच्या पानांच्या वरच्या बाजूला पडतो आणि त्यावर काळी बुरशी वाढते. म्हणून बांधावरून पाहणाऱ्याला आधी दिसते ते काजळी धरलेले काळे पान. मावा असतो त्याच्या वरच्या पानाखाली. काळ्या पानावर औषध मारून परत येणारे लोक आजही भेटतात.

पाने पिवळी पडून कडेने वाळतात, वाढ खुंटते, वजन आणि उतारा (उसातून मिळणाऱ्या साखरेचे प्रमाण) दोन्ही घटतात. ढगाळ हवा आणि दमट वातावरण माव्याला मानवते. पावसाळ्याच्या मध्यापासून तो वाढतो, सप्टेंबर ते नोव्हेंबर जोरात असतो आणि उन्हाळा कडक झाला की आपोआप घसरतो. हा शेवटचा मुद्दा पक्का लक्षात ठेवावा, कारण पुढे मोठी फसगत त्यातूनच झाली.

माव्याच्या मादीला नराची गरज नसते. ती अंडी न घालता थेट पिल्लांना जन्म देते. पंख असलेला मावा वाऱ्याने जातो. बिनपंखी मावा बेण्याबरोबर (लागणीच्या उसाबरोबर), पाल्याबरोबर आणि वाड्याबरोबर (जनावरांना घालायच्या उसाच्या हिरव्या शेंड्यांबरोबर) प्रवास करतो. सीमाभागात ऊस, बेणे, वाडे आणि तोडणीच्या टोळ्या राज्याची हद्द मानत नाहीत. कोल्हापूरकडचे वाडे निपाणीच्या गोठ्यात येते, चिकोडीचे बेणे कागलला जाते. मावा इतक्या झपाट्याने का पसरला, हे यावरून कळते.

पंप घेऊन फडात उतरल्यावर

सुरू हंगामातला, जानेवारी-फेब्रुवारीत लावलेला ऊस सप्टेंबरात सात-आठ महिन्यांचा होतो. आदल्या जुलै-ऑगस्टची आडसाली लागण तर वर्षाची झालेली असते. माणसाच्या डोक्यावर दोन-तीन हात पाला, त्यात काही ठिकाणी ऊस लोळलेला. चार फुटी सरी धरली तर एका एकरात उसाच्या ओळीची लांबी १०,८९० फूट होते, म्हणजे साधारण ३.३ किलोमीटर. एकरी २०० लिटर पाणी धरले तरी १६ लिटरचा पंप साडेबारा वेळा भरावा लागतो. एवढे अंतर पाठीवर पंप घेऊन, पानांच्या करवती कडा तोंडावर झेलत कोणीही नीट चालू शकत नाही. मग बांधाकडच्या चार-पाच सऱ्या आणि पाटाच्या कडा भिजतात, मधला फड तसाच राहतो. फवारणाऱ्याच्या तोंडावर आणि छातीवर औषध पडते ते वेगळेच. डोक्याच्या वर फवारणी करणे हे विषबाधेला आमंत्रण असते.

जिथे फवारा पोचतो तिथेही अडचण संपत नाही. फवारा पडतो पानाच्या वरच्या अंगावर आणि मावा असतो खाली. त्यातून माव्याच्या अंगावरचे मेण पाणी धरत नाही. कमळाच्या पानावरून थेंब घरंगळतो तसा औषधाचा थेंब लोकरीवरून ओघळतो. चिकटद्रव्य मिसळले तर थोडा फरक पडतो, पण दाट लोकरीच्या आतल्या पिल्लांपर्यंत औषध पोचेलच असे नाही.

त्या काळात मॅलाथिऑन, क्लोरपायरीफॉस, डायमेथोएट अशी सर्वंकष मारा करणारी औषधे वापरली गेली. फोरेटचे दाणेही सरीत टाकले गेले. फोरेटवर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात पूर्ण बंदी आहे. कोणाच्या कोठीत जुनी पिशवी पडली असेल तर ती वापरू नये, कोणाला देऊही नये.

मावा वाचला, त्याचे शत्रू मेले

हा या प्रकरणाचा गाभा आहे. मावा आला तसे त्याच्यामागोमाग त्याचे शत्रूही फडात दिसू लागले. त्यातला सर्वांत महत्त्वाचा डिफा. हा एक लहान राखाडी पतंग आहे. मावा खाते ती त्याची अळी. दुसरा मायक्रोमस, तपकिरी पंखांचा नाजूक कीटक. त्याची अळी आणि प्रौढ दोन्ही मावा खातात. जोडीला सिरफिड माशीच्या अळ्या आणि ढालकिडे.

डिफाची पूर्ण वाढलेली अळी जेमतेम सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरची असते. पानाच्या खाली ती विरळ रेशमी जाळे विणते आणि त्या जाळ्याखाली सरकत मावा खाते. खाल्लेल्या माव्याची लोकर जाळ्याला चिकटून राहते. त्यामुळे डिफा असलेले पान ओळखणे फारसे अवघड नसते: लोकरीचा सलग पट्टा तुटलेला असतो, मध्येमध्ये पान उघडे पडलेले असते आणि तिथे मळकट जाळ्यात पांढरे पुंजके लोंबत असतात. जाळे काडीने अलगद बाजूला केले की हिरवट-राखाडी अळी चपळाईने मागे सरकते. कोषही तिथेच, पानावरच्या जाळ्यात. हेच जाळे पाहून ‘ही दुसरी कीड आली’ असे समजून अनेकांनी औषधाची दुसरी पाळी दिली. डोळ्यांसमोर राखणदार होता आणि त्याला चोर समजून मारले गेले, याचे वाईट वाटते.

फवारणीनंतरचा हिशोब साधा आहे. समजा एका ओळीत मावे १००० आणि डिफाच्या अळ्या २० आहेत. औषधाने दोन्हींतले ८० टक्के मेले. उरले २०० मावे आणि ४ अळ्या. प्रमाण तेच राहिले असे कागदावर वाटते. पण उरलेल्या माव्याच्या माद्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून पिल्ले देऊ लागतात. उरलेल्या चार अळ्यांना आधी वाढ पुरी करायची, कोषात जायचे, पतंग होऊन बाहेर यायचे, जोडीदार शोधायचा, अंडी घालायची, ती उबायची. अंड्यापासून पतंगापर्यंत साधारण महिना जातो. त्या महिन्यात माव्याला कोणी विचारणारे उरत नाही. प्रत्यक्षात हिशोब याहून वाईट असतो, कारण अळीच्या अंगावर मेणाचे कवच नसते, ती पानावर सतत फिरते आणि विष लागलेला मावा पोटभर खाते. म्हणून पहिल्या फवारणीनंतर आठ-दहा दिवस पान स्वच्छ दिसायचे आणि तीन-चार आठवड्यांत पुन्हा पांढरे व्हायचे, बहुतेकदा आधीपेक्षा जास्त. मग दुसरी फवारणी, मग तिसरी.

फेब्रुवारी-मार्चनंतर मावा कमी झाला आणि श्रेय शेवटच्या फवारणीला मिळाले. खरे तर ते ऊन होते. ज्यांनी एकदाही पंप उचलला नाही त्यांच्या फडातही मावा उन्हाळ्यात घटलाच. शेजारचा न फवारलेला प्लॉट मुद्दाम जाऊन पाहिल्याशिवाय औषधाने गुण आला की नाही हे ठरवता येत नाही, आणि तो पाहायची आपल्याकडे सवय नाही.

औषधाच्या बाटलीवरच्या त्रिकोणाबद्दलही इथे सांगायला हवे. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग माणसाला आणि जनावराला होणाऱ्या विषबाधेची पातळी दाखवतात. मित्रकीटकांशी त्यांचा संबंध नाही. थायामेथोक्झामचा त्रिकोण निळा आहे, तरी मधमाशीला ते अतिशय घातक आहे. ‘निळा आहे, सौम्य आहे’ हा दुकानातला शब्द फडातल्या किड्यांना लागू पडत नाही.

वळण कुठे आले

धारवाडचे कृषी विज्ञान विद्यापीठ, पुण्याजवळ मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि बंगळूरची जैविक कीड नियंत्रणाची केंद्रीय संस्था यांनी डिफा आणि मायक्रोमस वाढवण्याच्या, सोडण्याच्या पद्धती बसवल्या. शेडनेटखाली ऊस लावायचा, त्यावर मुद्दाम मावा वाढू द्यायचा, मग डिफा सोडायचा आणि भरलेली पाने कापून गरजेच्या फडात न्यायची, असे ते तंत्र आहे. त्याहून सोपा मार्ग शेतकऱ्यांच्या हातात होताच: ज्या फडात डिफा भरपूर झाला तिथली पाने नसलेल्या फडात नेणे. ईशान्य भारतातून आणलेली एन्कार्शिया ही सूक्ष्म गांधीलमाशीही दक्षिणेत सोडली गेली आणि रुजली. ती माव्याच्या लहान पिल्लात अंडी घालते. अशी पिल्ले काळसर पडतात आणि जागची हलत नाहीत.

हे तिघे जिथे टिकले तिथे मावा नाहीसा झाला नाही, पण उसाला झेपेल इतका उरला. आजही एखाद्या दमट वर्षी ठिपक्याठिपक्यांनी पांढरे दिसते आणि महिना-दीड महिन्यात जाळ्यांनी भरून निवळते. उसातली पायरिला ही रस शोषणारी कीड हीच गोष्ट पूर्वीपासून सांगत आली आहे: तिच्यावर एपिरिकॅनिया हा परजीवी पतंग वाढलेला असेल तर फवारू नये. मोठ्या पाल्याचे, वर्षभर उभे राहणारे पीक मित्रकीटकांना जितके मानवते तितके दुसरे क्वचितच.

मावा दिसल्यावर करायचे काम

पहिला दिवस फक्त पाहण्याचा. बांधावरून अंदाज करू नये. फडात पाच ठिकाणी शिरावे, त्यातली निदान दोन मधोमध. प्रत्येक ठिकाणी दहा ऊस घ्यावेत आणि शेंड्यापासून खालची चार-पाच पाने उलटून पाहावीत. वहीत तीनच गोष्टी लिहाव्यात: किती पानांवर मावा, किती पानांवर डिफाचे जाळे किंवा कोष, किती पानांवर मायक्रोमसची अळी (ती सडपातळ, दोन्ही टोकांना निमुळती आणि भरभर चालणारी असते). आठ दिवसांनी त्याच जागी पुन्हा तेच. जाळी वाढत असतील तर काम चालू आहे. पांढरे अजून दिसते म्हणून घाबरून हात घालू नये. हे आठ-पंधरा दिवस काढणे हीच खरी कसोटी असते, कारण शेजारी फवारत असतो आणि घरातले विचारत असतात.

मावा आहे आणि शत्रू एकही दिसत नाही, तर शत्रू आणावेत. शिफारस हेक्टरी १००० डिफाच्या अळ्या किंवा कोषांची आहे, म्हणजे एकरी ४००, गुंठ्याला १०. मायक्रोमसच्या अळ्या असतील तर हेक्टरी २५००, म्हणजे एकरी १०००. एकरभर सारखे पसरवले तर ४ फुटी सरीत दर २७ फुटांवर एक डिफा पडतो. पण सारखे पसरवण्यापेक्षा जिथे पांढरा ठिपका दाट आहे तिथे जास्त लावणे शहाणपणाचे. पाने देणाऱ्या फडात गेल्या महिन्यात औषध पडलेले नाही ना, हे त्या शेतकऱ्याला स्पष्ट विचारून घ्यावे.

अळी किंवा कोष असलेल्या पानाचा वीतभर तुकडा सकाळी कापावा. तुकडे पुठ्ठ्याच्या भोके पाडलेल्या खोक्यात किंवा बुट्टीत सैल ठेवावेत. प्लास्टिकच्या पिशवीत घाम सुटतो आणि दुपारपर्यंत अळ्या मरतात. एकमेकांवर दाबून भरले तरी तोच परिणाम. त्याच दिवशी ऊन उतरल्यावर लावावेत. तुकडा मावा असलेल्या पानाच्या खालच्या बाजूला टाचणीने, स्टेपलरने किंवा दोऱ्याने जोडावा. सरीत नुसता टाकला तर मुंग्या आणि बेडूक फडशा पाडतात. जोराच्या पावसाच्या दिवशी हे काम धरू नये. मावाच नसलेल्या भागात डिफा बांधणे म्हणजे त्याला उपाशी मारणे.

सोडण्याआधी आणि सोडल्यानंतर तीन-चार आठवडे त्या फडात कुठलेही कीटकनाशक नको. चूक होते ती इथे, आणि बहुतेकदा ती उसावरच्या औषधाने होतच नाही. चिकोडी-निपाणी भागात उसाला लागून सोयाबीन असते, नव्या आडसाली लागणीत आंतरपीक म्हणूनही असते. सोयाबीनवर पाने खाणारी अळी येते ऑगस्टमध्ये, आणि उसात डिफा वाढायला लागतो तोही त्याच सुमारास. सोयाबीनवर पॉवर पंपाने मारलेले औषध वाऱ्याने शेजारच्या उभ्या उसावर जाते. बेळगाव तालुक्यात कोबी, मिरची, टोमॅटोचे तुकडे उसाला खेटून असतात आणि भाजीवर आठवड्याला फवारणी चालते. तिथे उसाच्या कडेच्या दहा-बारा सऱ्यांत जाळे सापडत नाही, आत मात्र सापडते. पाहणी मधोमध करायला सांगितले ते याच कारणाने. शेजाऱ्याशी बोलून, वारा पडलेला असताना आणि उसाकडे पाठ करून फवारणी करायला लावणे हे एका बाटलीपेक्षा जास्त कामाचे आहे. बांधाला चवळीची एखादी ओळ असेल तर चवळीवरच्या माव्यावर ढालकिडे पोसले जातात. तो मावा उसावर येत नाही.

युरियाचा हात आवरता घ्यावा. मऊ, गडद हिरव्या पाल्यावर मावा लवकर वाढतो. पाणी साचू देऊ नये आणि पुढच्या लागणीला सरी शक्य तितकी रुंद ठेवावी, म्हणजे आत शिरून पाहता तरी येते.

रासायनिक औषधाची वेळ कधीच येत नाही असे नाही. चार-पाच महिन्यांची लागण, कमरेएवढा ऊस, माव्याचे ठिपके मोजकेच आणि शत्रूंचा मागमूस नाही, अशा वेळी ठिपक्यापुरती फवारणी करता येते. ठिपका आणि भोवतीच्या दोन-तीन ओळी एवढेच, नोझल खालून वर धरून. ज्या औषधाच्या लेबलवर ऊस हे पीक छापलेले आहे तेच घ्यावे आणि मात्रा लेबलवरचीच. माहितीपत्रकातली भाषा समजत नसेल तर रयत संपर्क केंद्रात, म्हणजे कर्नाटक कृषी खात्याच्या स्थानिक कार्यालयात, ती वाचून घ्यावी. अंदाजाने झाकण ओतू नये. दोन औषधे एकत्र करून तर मुळीच मारू नये. डोक्यावर गेलेल्या उसात मात्र फवारणीचा विचार सोडून द्यावा.

बेणे, वाडे आणि पाचट

मावा असलेल्या फडातले बेणे घेऊ नये. घेणे भागच असेल तर सगळा पाला त्याच फडात सोलून टाकावा. मावा लागलेले वाडे दुसऱ्या गावी नेऊ नये. वाड्यातून मावा जातो हे आता सर्वांना माहीत आहे, तरी जनावराच्या पोटापुढे हा नियम मोडतो. न्यायचेच असेल तर नुकतीच लागण झालेल्या रानातून गाडी नेऊ नये आणि उरलेले वाडे बांधावर टाकू नये.

पाचट, म्हणजे तोडणीनंतर रानात उरलेला वाळका पाला, पेटवणे हा मित्रकीटकांवरचा मोठा घाला आहे. तोडणी नोव्हेंबरपासून सुरू होते आणि त्या वेळी पानांवर डिफाचे कोष भरलेले असतात. एक काडी ओढली की हंगामभर पोसलेले सगळे राखणदार पंधरा मिनिटांत जातात, आणि शेजारच्या खोडव्यावर (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटलेल्या पिकावर) पुढच्या पावसाळ्यात मावा आला की त्यांच्या जागी कोणी नसते. म्हणून टोळी फडात उतरायच्या आदल्या दोन-तीन दिवसांत एक फेरी मारावी, कोष असलेली पाने कापावीत आणि जवळच्या मावा असलेल्या उभ्या उसात बांधावीत. दोन माणसांचे एका सकाळचे काम आहे. तोडणीनंतर पाचट एकाआड एक सरीत ओढून ठेवावे आणि कुजू द्यावे. जी पाने हातातून सुटली, त्यांवरच्या कोषांतले पतंग आठवड्याभरात त्या पाचटातूनच बाहेर पडतात आणि रात्री जवळचा ऊस गाठतात.